हिरव्या बाणाची वाट

"आहेत की! एक सोडून तीन वाटा आहेत आमच्याकडे," असं मी फोनवर म्हणालो तेव्हा आमच्याकडे एकही वाट नव्हती. खरं तर फोनही माझा नव्हता. तो माझ्या पुतणीच्या, तेजस्विनीच्या हॉटेलचा होता. ती मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी होती, मी पुढच्या व्हरांड्यात पेपर वाचत होतो, आणि वाजणारा फोन वाजू द्यायचा हे आमच्या पिढीला जमत नाही.

पलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला. "नमस्कार, मी निकिता. नाशिकला आमचा एक ग्रुप आहे. कुणी व्हीलचेअरवर आहे, कुणाला दिसत नाही, कुणाचे गुडघे गेलेत. दोघंतिघं अगदी धडधाकट आहेत, पण त्यांनाही आम्ही सांभाळून घेतो. तुमच्याकडे सगळ्यांना शेतातून फिरता येईल अशा वाटा आहेत का? की आहे आपलं तेच, झोपाळा, मिसळ आणि द्राक्षाच्या घडासोबत फोटो?"

हा शेवटचा प्रश्न मला झोंबला, कारण आमच्याकडे नेमकं तेच होतं. झोपाळा, मिसळ आणि घड. तेजस्विनीचं 'शिवार' हे हॉटेल वणीच्या अलीकडे, चिंचदरी गावाबाहेर, द्राक्षबागा आणि कांद्याच्या वावरांच्या मधोमध आहे. खोल्या मोजक्याच, पण स्वच्छ. समोर सप्तशृंगीच्या डोंगराची रांग. पाहुणे यायचे, मिसळ खायचे, डोंगराकडे बोट दाखवून "व्वा" म्हणायचे आणि दुपारी झोपायचे. एकदा आलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नव्हता. तेजस्विनी तसं बोलून दाखवायची नाही, पण अलीकडे ती उशांचे अभ्रे विनाकारण बदलायला लागली होती.

"सोपी, मध्यम आणि अवघड," मी फोनवर ठणकावून सांगितलं.

"सोपी म्हणजे कुणाला सोपी? तुम्हाला की मला?"

"सगळ्यांना."

"बघा हं," बाई म्हणाल्या. "मग पुढच्या महिन्यात येतो आम्ही."

तेजस्विनीला हे सांगितल्यावर ती ओरडली नाही. आमच्या घराण्यात अशा वेळी ओरडायची रीत आहे, ती तिने मोडली. तिने हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, आता खरंच करा. त्या बाईंना खोटं सांगितलं असं नको व्हायला."

माझी बायको आशा मात्र आमच्या घराण्यात लग्न होऊन आलेली असली तरी पुरती मुरलेली आहे. ती म्हणाली, "ज्यांना कॉलनीतून दूध आणताना गल्ली चुकते, ते आता लोकांना वाटा दाखवणार."

इथे एक खुलासा केला पाहिजे. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा माणूस. कालवा कुठून जावा हे मी वर्षानुवर्षं कागदावर दाखवलं आहे. जे कालवे पुढे भलतीकडून गेले, त्यात माझा दोष नव्हता. गल्ली मी चुकतो, कारण आमच्या कॉलनीत सगळ्या गल्ल्यांना एकाच बिल्डरने एकच रंग दिला आहे.

रंगावरून आठवलं. आमचे शेजारी चांदवडकर हे सहलीबरोबर आठवडाभर स्वित्झर्लंडला जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून त्यांना आपल्याकडचं काहीच पटत नाही. त्यांना मी सहज वाटांचं सांगितलं, तर ते चपला घालून आमच्याकडेच आले.

"बाण काढा," ते म्हणाले. "तिकडे प्रत्येक वाटेवर दगडांना रंगीत बाण असतात. हिरवा म्हणजे सोपी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अवघड. माणूस एकटा सोडला तरी बाण बघत बघत बरोबर हॉटेलात येतो."

"तुम्ही आला होतात का?"

"मला बसमधून उतरू दिलं नाही, माझा घसा बसला होता. पण खिडकीतून मी सगळे बाण पाहिले."

सल्ला चांगला होता हे मान्य केलं पाहिजे. मी ऑइलपेंटचे तीन डबे घेतले आणि चिंचदरीला जाऊन राहिलो. आशाही आली. ती म्हणाली, गंमत बघायला.

सोपी वाट शोधण्यासाठी मला व्हीलचेअर हवी होती. ती मिळेना, तेव्हा मी आमची चाकांची बॅग घेतली. तिची चाकं लहान असतात आणि व्हीलचेअरची पुढची चाकंही लहान असतात, असा माझा शास्त्रीय विचार. वजन यावं म्हणून तिच्यात जुने दिवाळी अंक भरले. ती ओढत मी सकाळी हॉटेलातून निघायचो, बांधाबांधाने, ओढ्याच्या काठाने मोठी फेरी मारायचो आणि पुन्हा हॉटेलात यायचो. जिथे बॅग अडेल ती जागा रद्द.

चौथ्या का पाचव्या फेरीला कांद्याच्या वावरात काम करणारे एक शेतकरी हातातलं खुरपं ठेवून माझ्याकडे आले. उंच, सडपातळ, डोक्याला पांढरा रुमाल. गोरक्ष त्यांचं नाव. हॉटेलला लागून पहिलं वावर त्यांचंच.

"साहेब, एक विचारू का? राग नका येऊ देऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी भांडण झालं का?"

"कुणाचं?"

"तुमचं. रोज बॅग घिऊन निघून जाता आन् परत येता. आमची मानसं बघून ऱ्हायली ना. चला घरी, दोन घास खा. वहिनींचा राग उतरला का मंग जा."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की ही वाटेची चाचणी आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला घरी नेऊन बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढलीच. माणूस भला. पण त्या दिवसापासून गावातला जो तो आशाकडे जरा रागाने बघायला लागला, आणि आशाने ते मला अजून माफ केलेलं नाही.

मग तेजस्विनी म्हणाली की रीतसर परवानगी घ्या. ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक अत्यंत सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "हे बसवायचं कशात? शिवरस्ता, पाणंद, गाडीवाट का पायवाट?"

"पायवाट."

"कुठून कुठे जाते?"

"हॉटेलातून निघते आणि हॉटेलात येते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कुठेच जात नाही."

"फिरायला आहे हो ती. लोक चालणार, शेतं बघणार, परत येणार."

"ते कळलं. पण ठरावात लिहू काय? 'मौजे चिंचदरी येथील कुठेही न जाणारी वाट'? वरून विचारलं की कुठेच जायचं नव्हतं तर वाट कशाला, तर उत्तर मला द्यायचंय साहेब." ते अगदी कळवळून बोलत होते. शेवटी ग्रामसभेपुढे विषय ठेवायचं ठरलं. ग्रामसभेला माणसं पुरेशी जमली नाहीत म्हणून ती तहकूब झाली. पाहुण्यांचा दिवस जवळ येत चालला होता. शेतकऱ्यांना तोंडी विचारलं, तर सगळे म्हणाले, "चाला की, बांधावरून चालायला काय लागतं." मी रंगाचे डबे उघडले.

लाल बाणाने पहिला दगा दिला. दुकानदाराने जो लाल दिला होता तो दगडावर वाळल्यावर शेंदरी झाला. टेकडीच्या पायथ्याशी एका उभ्या दगडावर मी मोठ्या हौसेने बाण काढला होता. दोन दिवसांनी जाऊन बघतो तर त्याला हळदकुंकू लागलेलं, पुढे नारळ, शेजारी अगरबत्ती. वणीला पायी निघालेली एक मंडळी तिथे विसावली होती. बाण ज्या दिशेला होता त्या दिशेने ती सरळ हॉटेलात आली आणि महाप्रसाद कितीला असतो म्हणून विचारू लागली. तेजस्विनीने एका शब्दाने खुलासा केला नाही. सगळ्यांना पंगतीत बसवलं, खिचडी वाढली आणि पायांना लावायला खोबरेल दिलं. मंडळी गेल्यावर ती मला म्हणाली, "काका, अवघड वाट रद्द. आता त्या दगडावरून लोकांना चालवायचं धाडस माझ्यात नाही."

पिवळा बाण आशाच्या शब्दांत सांगायचं तर 'उन्हात दिसत नाही आणि सावलीत शोभत नाही.' राहिला हिरवा.

हिरव्या बाणांचे दगड मी बांधांवर ठेवले आणि निर्धास्त झालो. इथे मला एक गोष्ट ठाऊक नव्हती, जी त्या भागातल्या कुणालाही ठाऊक असते. शेतात अनोळखी माणूस काहीतरी ओढत फिरला आणि नंतर दगडांवर रंगाच्या खुणा उमटल्या, की त्याचा अर्थ एकच असतो. हायवे येतोय. माझ्या बॅगेत मोजणीचं मशीन आहे, हे गावात सर्वांना दिवाळी अंकांपेक्षा जास्त पटलं होतं.

गोरक्षभाऊंनी रात्रीत विचार केला आणि सकाळी त्यांच्या बांधावरचे सगळे बाण उचलून पलीकडच्या वावरात नेऊन ठेवले. पलीकडचं वावर त्यांच्या धाकट्या भावाचं, लखनचं. जमिनीची वाटणी झाल्यापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मधल्या बांधावर गवत माजलं होतं, कारण तो साफ कुणी करायचा हेही ठरलेलं नव्हतं. लखनभाऊंनी बाण बघितले आणि हायवे मुकाट्याने मोठ्या भावाच्या वावरात परत पाठवला. आठवडाभर हा रस्ता दोन वावरांमधून येत-जात होता, आणि मी हॉटेलच्या व्हरांड्यात बसून निकिताबाईंसाठी 'सोप्या वाटेची वैशिष्ट्यं' पाठ करत होतो.

मग गावात कुणीतरी बातमी आणली की हायवेचा मोबदला यंदा घसघशीत आहे. झालं. आता ज्याने त्याने बाण आपल्या वावरात ओढायला सुरुवात केली. दगड पुरेनात, तेव्हा लोकांनी स्वतःचा रंग आणला.

ठरल्या रविवारी निकिताबाई ग्रुप घेऊन आल्या. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड बाईंची कल्पना केली होती. प्रत्यक्षात त्या चणीने लहान, जाड भिंगाचा चष्मा आणि हातात सायकल चालवताना घालतात तसले मोजे. आपली खुर्ची त्या स्वतःच्या हातांनी चालवत होत्या आणि इतक्या वेगाने की मला मागून धावावं लागलं. नाशिकला एका शाळेत आठवीला गणित शिकवतात हे त्यांनी सांगितलं नसतं तरी कळलं असतं. त्यांच्यासोबत दिनेश नावाचे वकील होते. त्यांना दिसत नव्हतं. हातात पांढरी काठी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि चेहऱ्यावर, मी कुठलीही चूक केली की दिसणारं एक बारीक हसू. बाकी मंडळी सातआठ.

मी आघाडीला. "आपण सोप्या वाटेने निघालो आहोत," मी जाहीर केलं. "हिरवा बाण दिसला की वळायचं."

पहिला बाण ठीक होता. दुसरा मला आठवत होता त्याच्या उलट्या बाजूला होता. तिसऱ्याच्या ठिकाणी पाच होते.

"अभिनंदन," निकिताबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे वाटांचा तुटवडा नाही."

दिनेशभाऊंनी वाकून एका दगडाजवळ नाक नेलं. "काका, हा बाण आज सकाळचा आहे. रंगाचा वास ओला आहे. तुम्ही सकाळी काढलात?"

मी सकाळी पोहे खात होतो. पण पुढारी म्हणून माघार घेणं बरं दिसेना. सगळ्यात जास्त बाण ज्या दिशेला होते ती दिशा लोकशाही पद्धतीने निवडून मी निघालो, आणि ती वाट आम्हाला गोरक्षभाऊंच्या कांद्याच्या वावरात, नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यांच्या मधोमध घेऊन गेली. निकिताबाईंच्या खुर्चीची पुढची लहान चाकं काळ्या चिखलात रुतली. मी मदतीला धावलो, ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि बांधावरून खाली आलो. घोट्यातून कळ मस्तकात गेली. मी बांधावर बसलो तो बसलोच.

तेवढ्यात सगळं गाव जमलं. म्हणजे गाव वाटच बघत होतं. खास चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या मॅडम म्हणजे मोठ्या अधिकारी आणि काठीवाले म्हणजे मोजणीदार, असा हिशोब लोकांनी परस्पर मांडला होता. गोरक्षभाऊ रुमाल सोडून पुढे आले. "मॅडम, आता तुमीच सांगा. रस्ता नेमका कुठून जानार हाय?"

"माझ्या वावरातून," पलीकडून लखनभाऊ ओरडले. ते भावाशी बोलत नव्हते, मॅडमशी बोलत होते. "बाण बघा ना, सगळे माझ्याकडंच हायेत!"

"कोणता रस्ता?" निकिताबाईंनी विचारलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. आठवीच्या वर्गातल्या मुलांबद्दल मला त्या क्षणी अतोनात सहानुभूती वाटली.

मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. बाण माझे आहेत, हायवे नाही, मोबदला नाही, ही नुसती फिरायची वाट.

"म्हंजी हायवे नाय?" गोरक्षभाऊ म्हणाले. "आन् मी तुमाला भाकर खाऊ घातली ना साहेब." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून कुणीतरी म्हणालं, रंगाचे डबे फुकट गेले. कुणीतरी हॉटेलवाल्यांनी गावाची मस्करी केली म्हणालं. तेजस्विनी धावत येत होती, तिच्या कानावर ते पडलं आणि ती जागच्या जागी थबकली. गावाने पाठ फिरवली की असलं हॉटेल चालत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला तेव्हा घोट्यापेक्षा ते जास्त दुखलं.

"हे भांडण चांगलं आहे, पण नंतर करा," निकिताबाईंचा आवाज वावरभर घुमला. "आधी मला बाहेर काढा."

चार तरणीबांड माणसं लगेच पुढे सरसावली. एकाने खुर्चीचा दांडाही धरला.

"उचलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, वजन काय हाय तुमचं? अलगद नेतो."

"माहीत आहे तुम्ही न्याल. मला आजवर सगळ्यांनी अलगदच नेलंय. शाळेत नेलं, बँकेत नेलं, लग्नाच्या स्टेजवर नेलं. एकदा उचलून काम भागलं की मग वाट कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच, आणि उचलणारे कामावर गेलेले. मला दोन रुंद फळ्या द्या. चिखलावर टाकायला."

दांडा धरणाऱ्याने हात काढून घेतला. गोरक्षभाऊ चिखलाचा अंदाज घेत म्हणाले, "ट्रॉलीचा फाळका चालंल का?" ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा झापडासारखा पत्रा-लाकडाचा भाग, तो फाळका. दोन माणसांनी तो आणला. निकिताबाई त्यावर चढल्या.

"आता दुसरा."

"माझ्याकडं येकच ट्रॉली हाय," गोरक्षभाऊ म्हणाले. सगळ्यांच्या नजरा पलीकडे वळल्या. दुसरी ट्रॉली लखनभाऊंची होती.

"एकावर मी असताना दुसरा पुढे पडला पाहिजे," निकिताबाई शांतपणे समजावत होत्या, जणू फळ्यावर आकृती काढली आहे. "मग मी पुढच्यावर जाणार, मागचा उचलून पुन्हा पुढे. एकाने होत नाही. पुढे काय आहे?"

"लखनचं अंगन," गोरक्षभाऊंनी सांगितलं. कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव गावाने ऐकलं नव्हतं. "तिथून डांबरी लागती."

लखनभाऊ पाठ फिरवून चालू लागले. आम्हाला वाटलं, गेले. ते फाळका घेऊन आले.

सुरुवातीला दोघं मॅडमच्या हुकमावर चालत होते. "हं, गोरक्षभाऊ. आता लखनभाऊ. थांबा, मी चढते." फाळका पडायचा, चिखल उडायचा, खुर्ची एका फाळक्याएवढी पुढे जायची. बाईंच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या, चष्म्यावर चिखल होता आणि तोंडावर कसलाही त्रास दिसत नव्हता. मी त्या बाईंना बघत होतो. उभ्या आयुष्यात मी इतक्या वाटा कागदावर काढल्या, पण स्वतःच्या चाकाखाली वाट घालत जाणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. मागून दिनेशभाऊ काठीने फाळक्याची कड चाचपत येत होते आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाकीची मंडळी.

मधल्या बांधाशी लखनभाऊ न राहवून बोलले, "तिरपा पडला तुझा. सरळ टाक ना."

"तू धर मंग तिकून," गोरक्षभाऊ म्हणाले.

वाटणीनंतरचं त्यांचं हे पहिलं बोलणं. नंतर मॅडमना हुकूम द्यावाच लागला नाही.

"थांबा रे!" मागून आवाज आला. गोरक्षभाऊंच्या दारातल्या खाटेवरून एक म्हातारी उठली होती. कुसाबाई, या दोघांची आई. चार पायांचा वॉकर धरून ती पहिल्या वाफ्यापर्यंत आली होती. "ती पोरगी गेली का मला बी टाका फाळका."

"आई, तू कुठं येते चिखलात?"

"कंबर मोडली तवापासून धाकट्याचं घर नुसतं बघून ऱ्हायले मी इथून. बांध वलांडता येत नाय. तुमी दोघं बोलत नाय तर मला कोन नेनार? टाक म्हनते ना!"

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघायचं टाळत तिच्याकडे परत आले. फाळके पुन्हा मागून पुढे निघाले. या खेपेला कुणी हुकूम देत नव्हतं. वॉकरचे चार पाय लाकडावर टक टक वाजत होते, दोन्ही मुलगे दोन बाजूंना वाकलेले, आणि पलीकडच्या अंगणातून निकिताबाई ओरडून सांगत होत्या, "आजी, घाई नाही! चहा अजून ठेवलेला नाही!" कुसाबाईने लखनच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा सुनेने पुढे होऊन वाकून नमस्कार केला. म्हातारीने तिला उठवलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "तुळस तिकडं कशाला हलवली?"

मी अजून बांधावरच होतो. सगळं गाव पलीकडे गेलं होतं. चहाचा वास माझ्यापर्यंत येत होता. आशा माझ्याजवळ उभी होती, तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बसा तुम्ही. मी घोटभर घेऊन येते." आणि गेलीसुद्धा. बऱ्याच वेळाने गोरक्ष आणि लखन दोघं परत आले, आणि त्यांनी काखेत हात घालून मला उचललं. मला कुणी विचारलंही नाही.

घोट्याचं प्लास्टर सुटेपर्यंत मी कॉलनीत होतो, त्यामुळे पुढचं तेजस्विनीने केलं आणि म्हणूनच ते नीट झालं. गावाने ट्रॉल्या भरून मुरूम टाकला, तेजस्विनीने रोलर आणला. मधल्या बांधावरून गोरक्षभाऊंच्या दारापासून लखनभाऊंच्या दारापर्यंत सपाट वाट झाली. कोपऱ्याकोपऱ्यावर दिनेशभाऊंच्या सांगण्यावरून काठीला लागेल असा दगडी कठडा बसवला. बाण एकही नाही. आता पाहुणे येतात ते या वाटेने जातात, लखनभाऊंच्या अंगणात त्यांना चहा मिळतो, कांदा कसा लावतात ते बघतात आणि परत येताना पुढचं बुकिंग करून जातात. आमचे चांदवडकरही येऊन गेले. म्हणाले, स्वित्झर्लंडमध्ये चहा देत नाहीत.

फेब्रुवारीत द्राक्षं गोड झाली तेव्हा निकिताबाई पुन्हा आल्या. मीही होतो. त्या नेहमीच्या वेगाने पुढे गेल्या आणि वाटेच्या मधोमध समोरून कुसाबाई आली, वॉकर टेकत. वाट एका खुर्चीपुरती. दोघीही थांबल्या.

"मागं सर पोरी," म्हातारी म्हणाली.

"आजी, ही वाट माझ्यामुळे झाली."

"झाली आसंल. वावर माझं हाय."

निकिताबाईंनी चष्मा वर केला, म्हातारीला एकदा नीट पाहून घेतलं, आणि मग हसत हसत खुर्ची उलटी चालवत थेट गोरक्षभाऊंच्या दारापर्यंत मागे गेल्या. म्हातारी मागे न बघता ताठ मानेने पुढे.

त्याच संध्याकाळी दोघा भावांनी त्या जागी वाट रुंद केली, समोरासमोर दोन खुर्च्या आल्या तरी निघून जातील एवढी. त्यात कांद्याचा एक वाफा गेला. तो कुणाच्या बाजूचा गेला, यावरून दोघांचं भांडण अजून चालू आहे, आणि ते रोज सकाळी, चहाबरोबर, लखनभाऊंच्या ओट्यावर बसून होतं.